एक डॉलर पंच्याण्णव सेंट

१९५८ साली बॉस्टनच्या जिलेट कंपनीनं एक रेझर काढला. नाव '१९५ ॲडजस्टेबल', आणि हे नाव म्हणजेच त्याची किंमत: एक डॉलर पंच्याण्णव सेंट. अंग पितळेचं, वर निकेलचा मुलामा, मूठ आखूड आणि जाड. डोक्याच्या खाली, मुठीच्या मानेशी एक चकती आणि तिच्यावर १ ते ९ आकडे. चकती फिरवली की ब्लेडची धार आणि तिच्यापुढची संरक्षक दांडी यांच्यातली फट कमी-जास्त होते. नाजूक कातडीला १ किंवा २, चार दिवस न केलेल्या दाढीला ८ किंवा ९. मुठीच्या तळाचा गुंडा फिरवला की डोक्यावरची दोन झाकणं उघडतात, ब्लेड आत ठेवायचं, गुंडा उलटा फिरवायचा. झाकणं मिटली की काम सुरू. मुठीच्या जाडीवरून संग्राहकांनी पुढे त्याला 'फॅटबॉय' म्हणायला सुरुवात केली आणि कंपनीनं दिलेलं नाव मागे पडलं.

महागाई धरली तर तेव्हाचे ते पैसे आजचे वीसेक डॉलर होतात. अमेरिकेतच आज अशाच पद्धतीचा रेझर स्टेनलेस स्टीलमध्ये, थोड्या थोड्या नगांच्या बॅचमध्ये बनतो आणि त्याला दोनशेहून जास्त डॉलर मोजावे लागतात. म्हणजे दहापट. घेणारे सांगतात, 'हातानं केलेलं काम आहे, मोजकेच निघतात.' न घेणारे सांगतात, 'पैसेवाल्यांची चैन.' दोन्ही उत्तरं मला आळशी वाटतात. ही दहापट कुठून येते हे पाहायचं तर आधी त्या फटीत डोकं घालावं लागतं.

दुधारी ब्लेड साधारण २२ मिलिमीटर रुंद आणि मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतकं जाड, म्हणजे जवळपास दाढीच्या एका केसाएवढं. इतकं पातळ पातं सपाट राहिलं तर थरथरतं. म्हणून वरचं गोलसर झाकण आणि खालची पट्टी यांच्यात दाबून त्याला किंचित कमान देतात. त्या कमानीमुळे ते ताठ होतं आणि त्याच्या दोन्ही धारा ठरावीक कोनात बाहेर येतात. आता पाहायच्या गोष्टी दोन. एक, धार आणि दांडी यांच्यातली फट. दुसरी, झाकणाची कड आणि दांडी यांना टेकून एक रेष काढली तर धार त्या रेषेच्या आत राहते की बाहेर डोकावते. फट मोठी पण धार आत, तर रेझर सौम्य. फट लहान पण धार बाहेर, तर तोच रेझर तिखट. ब्लेडला दोन बाजू, म्हणून ही मापं दुप्पट. आणि दोन्ही बाजूंना ती सारखी हवीत. एका गालावर मऊ आणि दुसऱ्या गालावर ओरबाडणारा रेझर कुणीही दुसऱ्यांदा हातात घेत नाही.

फटीचं माप किती सूक्ष्म असतं याची कल्पना टोरोंटोच्या रॉकवेल कंपनीच्या '६ एस'वरून येते. या रेझरला तीन खालच्या पट्ट्या मिळतात. प्रत्येक पट्टी उलटसुलट दोन्हीकडून वापरता येते, म्हणून मापं सहा. सगळ्यात सौम्य पट्टीची फट सुमारे ०.२ मिलिमीटर, सगळ्यात तिखट पट्टीची सुमारे ०.८. सौम्यपणापासून जहालपणापर्यंतचा सगळा प्रवास साधारण ०.६ मिलिमीटरमध्ये संपतो. सहा मापांमध्ये पाच टप्पे, म्हणजे एकेक टप्पा ०.१ मिलिमीटरच्या आसपास.

रॉकवेलनं इथं शहाणपणाची एक गोष्ट केली: हलणारा भागच ठेवला नाही. माप बदलायचं तर रेझर उघडा आणि पट्टी बदला. चकतीवाल्या रेझरला ही सोय नाही. त्याची फट आट्यांवर चालते. समजा आट्यांची पिच एक मिलिमीटर आहे. पूर्ण एक फेरा म्हणजे एक मिलिमीटर, तर ०.१ मिलिमीटरचा टप्पा म्हणजे ३६ अंश. ऐकायला सोपं आहे. पण आट्यांना थोडा तरी खेळ लागतो, नाहीतर ते फिरणारच नाहीत. हा खेळ ०.०५ मिलिमीटर झाला तर अर्धा टप्पा तिथंच गेला. तुम्ही ३ वर ठेवलंय असं समजता, ब्लेड मात्र अडीच आणि साडेतीनच्या मधे कुठंतरी हेलकावतंय. म्हणून आत स्प्रिंग घालून आट्यांना सतत एकाच बाजूला रेटून ठेवायचं. स्प्रिंग आली की तिला घर हवं, घराला भोक हवं आणि ते भोक मधोमध हवं. जरा तिरकं गेलं की स्प्रिंग एका अंगावर जास्त रेटते आणि दोन बाजूंच्या फटी वेगळ्या होतात.

शिवाय शून्य लावायचं असतं. आटे कुठल्या कोनातून सुरू झाले यावर चकतीवरचा १ कुठं येणार हे ठरतं. झोलिंगेनमध्ये बनणाऱ्या मेरकुर 'प्रोग्रेस'मध्ये हे उघड दिसतं. त्याचं झाकण सुटं निघतं आणि परत बसवताना झाकणावरची खूण खालच्या पट्टीवरच्या खुणेशी जुळवावी लागते. उलट बसवलं तर रेझर चालतो, पण त्याचे आकडे खोटे बोलतात. प्रोग्रेसची तऱ्हा फॅटबॉयपेक्षा वेगळी आहे. तळाचा गुंडा सैल केला की झाकण ब्लेडसकट वर उचललं जातं आणि खालची स्प्रिंग ब्लेडला झाकणाशी चिकटवून ठेवते. भाग कमी, फॅटबॉयच्या झाकणांसारखी उघडमीट होणारी दारं नाहीत. हलणाऱ्या फटीचं हे सगळ्यात काटकसरी उत्तर असावं. डोकं जस्ताच्या मिश्रधातूचं, साच्यात ओतलेलं, वर क्रोम. किंमत दोनशे डॉलरच्या जवळपासही जात नाही.

जिलेटनं मात्र दारं ठेवली, चकती ठेवली आणि तरीही १.९५ डॉलरमध्ये भागवलं. कसं?

भोसरीच्या एका टूलरूममध्ये हयात घालवलेले एक निवृत्त मिस्त्री माझ्या ओळखीचे आहेत. त्यांच्यापुढे मी १९६०च्या दशकातला जिलेटचा 'स्लिम' ठेवला. फॅटबॉयनंतर १९६१मध्ये आलेला हा त्याचाच सडपातळ धाकटा भाऊ. मिस्त्रींनी चष्मा कपाळावर चढवला, तळाचा गुंडा चार-पाच वेळा उघडमीट केला आणि दारांच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं.

"हे लेथचं काम नाही, साहेब. गुंडा, चकती, मूठ होईल लेथवर. ही दोन झाकणं दाबून काढलेली दिसतात. डायचं काम आहे हे."

"समजा शंभरच करायचे असतील, डाय न करता?"

"घन तुकड्यातून काढावी लागतील मग. वरचा गोल झाला की जॉब पकडणार कुठं? त्याच्या आकाराचे सॉफ्ट जॉ करा, मग आतली बाजू घ्या. डाव्या झाकणाला एक सेटिंग, उजव्याला दुसरं." रेझर परत माझ्या हातात देत ते म्हणाले, "शंभरांचं काय लागतं ते नका विचारू. पहिल्या एकाचं काय लागतं ते विचारा."

डाय बनवायला महागडी. ती बनवणारा कारागीर सगळ्यात तरबेज आणि त्याला वेळही भरपूर दिलेला. त्याची अचूकता एकदा पोलादात उतरली की पुढचे लाखो नग तिची फक्त नक्कल करतात, आणि त्या एका कारागिराचा पगार लाखो रेझरांमध्ये विभागला जातो. शंभर-दोनशे नग काढणाऱ्याला डाय परवडत नाही. त्याची अचूकता दरवेळी यंत्राच्या वेळात आणि माणसाच्या तपासणीत नव्यानं विकत घ्यावी लागते. फॅटबॉय उत्तम होता यात वाद नाही. पण तो उत्तम होता कारण तो प्रचंड संख्येनं निघत होता. छोट्या बॅचचं गुणगान करणारे लोक ज्या वस्तूला आदर्श मानतात ती घाऊक उत्पादनाची लेक आहे, ही गंमत मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त आवडते.

जिलेटच्या हाती दुसरी किल्लीही होती: ब्लेड. कंपनीचा संस्थापक किंग कँप जिलेटनं रेझर फुकटात वाटला आणि ब्लेडवर पैसा केला, अशी कथा व्यवस्थापनाच्या वर्गात सांगतात. सुरुवातीला तसं नव्हतं. १९०३मध्ये कंपनीनं एकूण ५१ रेझर विकले (खरी छोटी बॅच तीच!), पुढच्या वर्षी नव्वद हजारांवर, आणि किंमत होती पाच डॉलर, त्या काळी चांगलीच चढी. नोव्हेंबर १९०४मध्ये पेटंट मिळालं. त्याची मुदत १९२१मध्ये संपेपर्यंत कंपनीनं रेझर महागच ठेवला. स्वस्ताईचा मार्ग नंतरचा. पण १९५८पर्यंत हिशेब पक्का झाला होता. रेझर घेतलेला माणूस पुढे वर्षानुवर्षं ब्लेडं घेणार, तेव्हा रेझरवरच सगळी कमाई करायची निकड नव्हती.

आजच्या छोट्या उत्पादकाकडे ही किल्ली नाही. त्याच्या दोनशे डॉलरच्या रेझरमध्ये ग्राहक जे ब्लेड घालतो ते दुसऱ्याच कुणाचं असतं आणि काही रुपयांना मिळतं: जपानच्या सेकी शहरातल्या फेदरचं, जिलेटचंच, किंवा, काही वर्षांपूर्वीपर्यंत, आपल्या ठाण्याचं नाव जगभरच्या न्हाणीघरांत नेणाऱ्या सुपरमॅक्सचं. ब्लेड बनवणं हा मुळातच कोट्यवधींचा धंदा, तिथं छोट्या बॅचला जागा नाही. म्हणून छोट्या रेझरवाल्याला सगळा खर्च, सगळा नफा आणि सगळं रिजेक्शन एकाच वस्तूतून, एकदाच वसूल करायचं असतं. वस्तूही अशी की ती बिघडली नाही तर ग्राहक परत कधी येत नाही.

अमेरिकेच्या रेक्स सप्लाय कंपनीनं २०१८मध्ये 'ॲम्बॅसेडर' आणला तो या अडचणी माहीत असताना. फॅटबॉय आणि स्लिमचं घराणं त्याच्यात स्पष्ट दिसतं: तळाचा गुंडा, मिटणारी दारं, मानेशी चकती. आकडे १ ते ६. प्रत्येक नगावर त्याचा स्वतंत्र क्रमांक. धातू मात्र पितळ नव्हे, तर ३१६ एल स्टेनलेस. जहाजांच्या आणि शस्त्रक्रियेच्या सामानात वापरतात त्यातला. दहापटीचा मोठा वाटा मला या एका निर्णयात दिसतो.

पितळ कापायला गोड. चिप मोडून पडते, टूल टिकतं, आटे स्वच्छ निघतात. फक्त त्याला मुलामा द्यावा लागतो आणि वर्षानुवर्षांच्या वापरात तो झिजतो. ३१६ एलमध्ये क्रोमियम, निकेल आणि वर दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम. मिठाच्या पाण्यालाही पुरून उरणारं. मुलाम्याची गरज नाही. पण हे स्टील यंत्रावर चिवट वागतं. चिप मोडत नाही, लांब दोऱ्यासारखी गुंडाळत जाते. टूल जरा बोथट झालं किंवा कापायचं सोडून घासू लागलं की वरचा थर कडक होतो आणि पुढची फेरी त्या कडक थरावर आपटते. गंधक घातलेलं ३०३ जातीचं स्टेनलेस कापायला यापेक्षा पुष्कळ सोपं, पण गंजाविरुद्ध तितकं भक्कम नाही. रोज साबणाच्या पाण्यात भिजणाऱ्या वस्तूला ही तडजोड किती चालेल हे प्रत्येक उत्पादक स्वतः ठरवतो.

त्याहून वाईट म्हणजे स्टेनलेसचे आटे स्टेनलेसच्याच आट्यांत दाबाखाली फिरवले तर कधी कधी एकमेकांना चावतात. पृष्ठभागाचे बारीक उंचवटे जुळतात, फाटतात, पुन्हा जुळतात आणि बोल्ट जाम होतो. ज्यानं स्टेनलेसचा नट एकदा तरी हेक्सॉनं कापून काढलाय त्याला वेगळं सांगायला नको. साध्या तीन तुकड्यांच्या रेझरमध्ये आटे ब्लेड बदलतानाच फिरतात. चकतीवाल्यात ते रोज फिरू शकतात, स्प्रिंगच्या ताणाखाली, ओले. मग आट्यांना जरा मोकळीक द्या, पृष्ठभाग अधिक गुळगुळीत करा, जोडीतला एक भाग वेगळ्या धातूचा घ्या किंवा ग्रीस लावा. मोकळीक दिली की खेळ वाढतो आणि खेळ वाढला की चकतीचे आकडे पुन्हा खोटे बोलायला लागतात. या दोरीवरून चालायचं कसब हीच या रेझरची खरी कारागिरी. 'हस्तनिर्मित' हा शब्द ऐकून आपल्या डोळ्यांसमोर हातोडा आणि कानस येते तसलं इथं फारसं काही नसतं.

हात येतो तो शेवटी, पॉलिशला, आणि तिथं तो मदत जितकी करतो तितका धोकाही घेऊन येतो. यंत्रावरून उतरलेल्या भागावर टूलच्या रेघा असतात, कडांना बर, म्हणजे धातूची बारीक धारदार कूस, असतो. दगडगोट्यांच्या थरथरत्या पिंपात बरेच भाग एकदम घोळवून बर निघतो. पण ग्राहकाला आरसा हवा असतो आणि आरसा बफच्या चाकावरच येतो. बफ धातू खातो, कडांवर जास्त खातो. झाकणाच्या कडेवर पॉलिशवाल्याचा हात एका बाजूला दोन क्षण जास्त रेंगाळला, तर आधी पैसे मोजून मिळवलेली अचूकता तिथंच संपली. म्हणून मॅट अंगाचे रेझर निघतात; ते फक्त फॅशन म्हणून निघत नाहीत. बारीक मणी वाऱ्याच्या झोतानं मारले की सगळीकडे सारखा करडा पोत येतो आणि आकार फारसा बिघडत नाही.

मग जोडणी. इथं प्रत्येक नग वेगळा वागतो. चकती बसवायची, शून्य लावायचं, ब्लेड घालून दोन्ही बाजूंच्या फटीत फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीची पातळ पट्टी, सरकवून पाहायची. ब्लेडची स्वतःचीही थोडी आगळीक असते. त्याच्या खाचा आणि रेझरमधल्या खुंट्या यांच्यात जागा सोडलेली असते, नाहीतर दर वेगळ्या कंपनीचं ब्लेड बसणार कसं? त्या जागेत ब्लेड एका बाजूला सरकलं तर दोष रेझरच्या माथी. ग्राहकही आता भाबडे राहिलेले नाहीत. घरी फीलर गेज आणि भिंग घेऊन बसणारे, दोन बाजूंचे फोटो काढून फरक दाखवणारे लोक या छंदात भरपूर आहेत. टायरचं माप कुणी असं काढत नाही, पण रेझरचं काढतात. एवढे पैसे मोजल्यावर तो हक्क त्यांना आहेच, हेही खरं.

बॅचच का, हा प्रश्न मला सुरुवातीला पडला होता. मागणी असेल तर रोज दहा काढत राहावेत. पण असे रेझर विकणाऱ्या सगळ्यांकडे स्वतःची यंत्रं नसतात. दुसऱ्यांची कामं करणाऱ्या मशीनशॉपमध्ये, विमानांचे नाहीतर दवाखान्याचे सुटे भाग चालू असताना मधे मिळालेल्या वेळात रेझर निघतात. यंत्रावर सेटिंग लावायला जो वेळ जातो तो एका नगाला लागो की दोनशेंना, तितकाच. म्हणून एकदा लावलं की ठरलेले नग काढून घ्यायचे. धातूचे बार एकदम घ्यायचे, पॉलिशला एकदम पाठवायचे. पैसा तर सगळा आधीच अडकलेला. कित्येक जण आगाऊ नोंदणी घेतात. काही जण लोकवर्गणी गोळा करतात. रॉकवेलचा स्वतःचा चकतीवाला 'मॉडेल टी' असाच किकस्टार्टरच्या लोकवर्गणीतून आला आणि पुढे त्याची 'टी २' ही सुधारित आवृत्ती निघाली.

या सुधारणेत मला छोट्या बॅचचा खरा फायदा दिसतो. माल जास्त चांगला निघतो असं नाही, पण चूक सुधारणं स्वस्त पडतं. डाय चुकली तर मोठ्या कारखान्याला ती फेकताना घाम फुटतो. प्रोग्राममधला एक आकडा बदलून दांडीची उंची केसाच्या अर्ध्या जाडीनं कमी करायला एक संध्याकाळ पुरते, आणि पुढची बॅच वेगळी निघते. विचित्र प्रयोगही परवडतात. रेक्सनंच पुढे 'कॉन्सुल' काढला: ब्लेड किंचित तिरकं धरणारा आणि तरीही फट बदलता येणारा. तिरक्या ब्लेडचे रेझर आवडणारे जगात मूठभर, त्यात चकती मागणारे चिमूटभर. मोठ्या कंपनीच्या बैठकीत या कल्पनेला चहासुद्धा मिळाला नसता.

उलट बाजूला चीनची स्वस्त नक्कल आहे. मेरकुरच्या 'फुटूर' या रेझरची हुबेहूब आवृत्ती 'मिंग शी' या नावानं मूळ किमतीच्या अगदी लहान भागात मिळते, आणि ती वाईट आहे असं वापरणारे म्हणत नाहीत. जस्ताचा मिश्रधातू चारशे अंशांच्या आतच वितळतो, साच्यात झटकन भरतो, वर क्रोम चढवला की चकचकीत. क्रोमला खरचटलं आणि आत पाणी गेलं की तो खाल्ला जातो, पण तोवर ग्राहकाचे पैसे फिटलेले असतात. भारतही या बाजारात आहे. अमेरिकेत 'पार्कर' नावानं विकले जाणारे रेझर आपल्याकडे बनतात आणि त्यांचा 'व्हेरियंट' चकतीवालाच आहे. तेव्हा नुसती फट बदलायची असेल तर दोनशे डॉलरची मुळीच गरज नाही. ते पैसे जातात गंज न लागणाऱ्या धातूला, त्या धातूच्या हट्टाला, आणि पहिल्या नगाचा खर्च फार थोड्यांत वाटला जातो त्याला.

असा रेझर घेतलेले लोक पुढे काय करतात? पहिले काही आठवडे चकती रोज फिरते. गालाला ४, हनुवटीखाली २, मानेला ३. मग हळूहळू हात एका आकड्यावर स्थिरावतो आणि पुष्कळांची चकती तिथंच राहते. आट्यांचा खेळ, स्प्रिंगचा ताण, शून्याची जुळणी, सगळी यातायात ज्या हालचालीसाठी केली तीच होत नाही. जाणकार याचं समर्थन ब्लेडच्या नावानं करतात: फेदरसारखं फार तीक्ष्ण ब्लेड घातलं की आकडा एकानं खाली आणा, मऊ ब्लेड असेल तर वर न्या. यात तथ्य आहे. गावाहून आठ दिवसांनी परतल्यावर ६ची किंमत कळते हेही खरं. पण नवीन घेणाऱ्याला ते पहिल्याच दिवशी बजावतात की २वर ठेवा, हात दाबू नका, स्टेनलेसचं वजन स्वतःच काम करतं. आणि आकडा बदलायचा असेल तर आधी तळाचा गुंडा थोडा सैल करा, मगच चकतीला हात लावा.